रिकामी कळ

परवाच्या मीटिंगमध्ये पाऊण तास मी चकार शब्द बोलले नाही. कॅमेरा बंद होता, माइक मात्र चुकून चालू राहिला होता. शेवटी सगळे निरोप घेत असताना एक सहकारी म्हणाला, "तू सगळं टिपून घेत होतीस ना? मागे आवाज येत होता. मलाही पाठव गं, माझं मधलं निसटलंय." मी म्हटलं, "हो हो, पाठवते." कॉल संपला आणि मी पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर एक अक्षर नव्हतं. मग खाली बघितलं. डावा हात कीबोर्डच्या अगदी डाव्या, खालच्या कोपऱ्यात निवांत पडलेला, आणि मधलं बोट एका कळीवर. त्या कळीला मी कुठलंच काम नेमून दिलेलं नाही. दाबली तर काही उमटत नाही, काही उघडत नाही, काही बंद होत नाही. फक्त टिक् असा आवाज येतो. म्हणजे पाऊण तास मी मन लावून काहीही लिहीत नव्हते.

खोटं बोलल्याचं फार वाटलं नाही. हाताचं वाटलं.

कीबोर्ड माझाच आहे. म्हणजे आखलेला मी, तारा जोडलेल्या मी, आणि त्यातल्या सगळ्या चुकाही माझ्या. कळा १४२. नेहमीच्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ असतात. माझ्याकडे डावीकडे दोन उभ्या रांगा जास्त, फंक्शन कळांच्या वर आणखी एक ओळ, आणि नंबरपॅडच्या डोक्यावर जी जागा उगाच मोकळी सोडलेली असते तिथेही कळा. लांबी अर्ध्या मीटरला जेमतेम कमी, वजन तीन किलोच्या आसपास. बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढा?" दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, नुसतं बघतात.

या छंदाचा ओघ खरं तर उलट्या दिशेला आहे. ज्याला-त्याला लहान कीबोर्ड हवा. आधी नंबरपॅड कापतात, मग बाण, मग फंक्शनची ओळ. ६१ कळांवर येतात आणि तिथूनही खाली चाळिसाच्या आसपास उतरतात. उरलेलं सगळं थरांमध्ये ढकललेलं. एक कळ धरून ठेवली की बाकीच्यांचे अर्थ बदलतात, दुसरी धरली की पुन्हा बदलतात. दिसायला ते प्रकरण फार देखणं असतं. मीही वर्षभर एक वापरला. बोटं लांब न्यावी लागत नाहीत हे खरं, पण डोकं सारखं डब्यातला डबा उघडत राहतं. चौकोनी कंस हवा असला की मी क्षणभर थांबायचे: कुठल्या थरात ठेवलाय बरं? कशाला आलो ते विसरल्यावर माणूस खोलीच्या मधोमध उभा राहतो ना, तशी. मला काहीच आठवायचं नव्हतं. प्रत्येक कामाला आपली जागा हवी होती, उघड्यावर, हात लांब केला की सापडेल अशी.

हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. पहिल्या नोकरीत माझ्या शेजारी एक ज्येष्ठ बाई बसायच्या. त्यांच्यापुढे मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरच्या, टर्मिनलचा, आयबीएमच्या घडणीचा १२२ कळांचा कीबोर्ड होता. शौकीन मंडळी त्याला 'लढाऊ जहाज' म्हणतात हे मला फार नंतर समजलं. वर फंक्शन कळांच्या दोन ओळी, एक ते चोवीस, आणि डावीकडे दहा कळांचा वेगळा कप्पा. एफ-३ म्हणजे बाहेर, एफ-७ म्हणजे वर, एफ-८ म्हणजे खाली, एवढं मलाही येत होतं. बाकीच्या कळांवर त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटपट्टीने लावल्या होत्या आणि त्यांवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती. वाचायची होती कोणाला! त्या माझ्याकडे बघून काहीतरी सांगत असायच्या आणि तेवढ्यात हात वरच्या ओळीत जाऊन, दाबून, परत येऊन बसलेला असायचा. पुढे मशिनं बदलली. त्यांनाही सगळ्यांसारखा पातळ, १०४ कळांचा कीबोर्ड मिळाला. एफ-१३च्या जागी आता शिफ्ट धरून एफ-१ दाबायचं, असं एका कागदावर छापून दिलं. त्यांना ते पहिल्याच दिवशी समजलं. हाताला समजलं नाही. हात आपला सवयीने वर जायचा आणि बोट कीबोर्डच्या पलीकडे, टेबलावर पडायचं. टक्. त्या हसायच्या आणि शिफ्ट धरायच्या. आठवड्याभराने हसणं थांबलं. टेबलावरची टकटक कित्येक महिने चालू होती.

त्या वरच्या ओळीतल्या कळा गंमत म्हणजे अजून मेलेल्या नाहीत. यूएसबी कीबोर्डने कुठल्या कळीसाठी कुठला आकडा पाठवायचा याची एक ठरलेली यादी असते, आणि तिच्यात एफ-१३ ते एफ-२४ आजही आहेत. कॉम्प्युटर त्यांना ओळखतो. कीबोर्ड बनवणारे त्या बसवत नाहीत. पत्ता आहे, घर नाही. स्क्रोल लॉकचं नेमकं उलटं, घर आहे आणि आत कोणी राहत नाही. असल्या भुतांची मला भारी आवड. एमआयटीत जॉन कल्प यांनी १९७८ मध्ये लिस्प मशिनसाठी, म्हणजे लिस्प या भाषेतले प्रोग्रॅम चालवायला बनवलेल्या कॉम्प्युटरसाठी, 'स्पेस-कॅडेट' नावाचा कीबोर्ड घडवला, त्याला धरून ठेवायच्या कळाच सात प्रकारच्या होत्या: शिफ्ट, टॉप, फ्रंट, कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर. कोणाला एवढ्या लागतात, असं तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल. मेटा नावाची कळ आता बहुतेक कीबोर्डांवर नाही, पण ईमॅक्स नावाचा जुना लिहायचा प्रोग्रॅम वापरणारे अजूनही तोंडाने मेटा म्हणतात आणि बोटाने ऑल्ट दाबतात.

तर आखणी. दोन कळांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. प्रत्येक कळीखाली एक स्विच असतो; चेरी एमएक्स घडणीच्या स्विचसाठी भोक १४ मिलिमीटर चौरस. एवढे दोन आकडे हातात असले की पुढचं सगळं भरतकामासारखं घरं मोजण्याचं काम आहे. आखणी मी कागदावर खऱ्या मापात छापून, टेबलावर ठेवून, त्यावर खोटंखोटं टाइप करून बघायचे. एका पानात मावत नव्हती म्हणून दोन पानं जोडलेली. तीन आठवडे मी त्या कागदावर बोटं फिरवली, डावीकडचा कप्पा आत घेतला, पुन्हा बाहेर काढला, आणि अगदी मनासारखं जमलं असं वाटलं तेव्हा पट्टी लावली. प्रिंटरने प्रत्येक पान समासात बसवण्यासाठी थोडं आक्रसून छापलं होतं, शंभराचं सत्त्याण्णव. एका कळीमागे अर्धा मिलिमीटर, म्हणजे चोवीस कळांमागे जवळजवळ दीड सेंटिमीटर. माझ्या हाताला जो 'अगदी बरोबर' वाटला तो कीबोर्ड जगात कुठेच बनणार नव्हता. खरा कागद छापल्यावर तो मला कित्येक दिवस सैल वाटत राहिला, दुसऱ्याच्या चपलेसारखा.

प्लेटची चूक याहून मोठी. स्विच ज्या पत्र्यात बसतात तो मी दीड मिलिमीटर पोलादाचा, लेझरने कापून घेतला. लेझरची ज्योत रेषेवरून जाताना स्वतःची थोडी जाडी खाते, त्यामुळे भोक आखल्यापेक्षा किंचित मोठं पडतं. हे मी वाचलं होतं, म्हणून हुशारी करून चित्रात सगळी भोकं तेवढी लहान काढली. कापणाऱ्याने आपल्या सवयीप्रमाणे तेवढीच सूट पुन्हा दिली. मी विचारलं नव्हतं, त्याने गृहीत धरलं होतं. पत्रा घरी आला, पहिला स्विच ठेवला आणि तो वरच बसून राहिला. मग कानस. एका भोकाला चार बाजू, १४२ भोकं. रोज रात्री दहा-बारा व्हायची. कानस पुढे नेताना पोलादाचा जो एक बारीक चिरका आवाज येतो तो दातांत जाऊन बसतो. बोटांच्या पेरांवर करडी भुकटी, नखांत भुकटी, चहाच्या कपाच्या कानावरही. भोक पुरेसं झालं की नाही हे डोळ्यांना कळत नसे. स्विच दाबला की दोन्ही बाजूंची कानं आत सरकून पत्र्याखाली उघडायची, खट्ट व्हायचं, आणि तो आवाज आला की पुढचं भोक. खोटं कशाला सांगू, एवढ्या सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त तेच दिवस आवडले.

मोठ्या कीबोर्डला तयार सर्किट बोर्ड करून घेणं म्हणजे एवढी लांब पाटी एकाच तुकड्यात काढून घेणं. ते मला झेपणारं नव्हतं, म्हणून सगळं हाताने जोडलं. प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नेली तर १४२ पिना लागतील. तेवढ्या असतात कुठे! म्हणून जाळी करायची: बारा आडव्या, बारा उभ्या, चोवीस पिनांत १४४ जागा. पिको नावाच्या, कीबोर्डचा मेंदू असलेल्या, हाताच्या अंगठ्याएवढ्या पाटीला वापरता येतील अशा २६ पिना असतात, त्यात हे नेमकं बसलं. कीबोर्ड बाहेरून सात ओळींचा दिसतो, पाठीमागून बारा ओळींचा आहे, आणि तारा कुठे कुठे दुमडून गेल्यात ते आता मलाही धड सांगता येणार नाही. प्रत्येक स्विचमागे एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा, हवाच. तो नसला तर जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबल्यावर चौथा न दाबताही दाबल्यासारखा दिसतो, आणि न लिहिलेलं अक्षर पडद्यावर येतं. नारिंगी काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा डायोड, १एन४१४८, त्याच्या एका टोकाला काळी रेघ. सगळ्या रेघा एकाच बाजूला. राळेचा वास असलेला पांढरा धूर नाकाशी येतो, मान दुखायला लागते, आणि शंभराव्या डायोडनंतर रेघ दिसेनाशी होते. माझा एकच उलटा लागला. कुठला, तर स्वल्पविरामाचा. पहिल्या दिवशी माझी सगळी वाक्यं दम न घेता पळत होती.

आणि एक स्विच कमी पडला.

मोजून आणले होते, पण एकाची पिन वाकली, सरळ करताना तुटली. बाकी सगळे हलका अडसर असलेले, मऊ आवाजाचे. पेटीत नमुन्यादाखल मिळालेला एक निळा स्विच पडून होता, टिकटिक करणारा. त्याच्या पोटात एक सैल तुकडा असतो. कळ अर्ध्यात गेली की तो झटक्याने खाली आपटतो, आवाज त्याचा. म्हटलं, कोपऱ्यात लावून टाकू, नंतर बदलू. डावीकडची सगळ्यात खालची जागा. तिथे काय ठेवायचं हे तसंही ठरलेलं नव्हतं.

कीबोर्ड उभा राहिला तेव्हा तो मधे लवत होता. मला वाटलं होतं पोलाद आहे, कशाला लवतंय. पण टेकूंमधलं अंतर दुप्पट झालं की लवणं आठपट होतं, हे गणित पोलादालाही चुकत नाही. मधे तीन खांब दिले. आवाज रिकाम्या डब्यासारखा यायचा, आत फोम भरला. कीकॅप, म्हणजे कळांच्या वरच्या टोप्या, सगळे एका उंचीचे घ्यावे लागले, कारण नेहमीच्या संचात ओळीगणिक उतार वेगळा असतो आणि माझ्या सातव्या ओळीचा उतार कोणी बनवतच नाही. लांब कळा कलू नयेत म्हणून खाली जे स्टॅबिलायझर लावतात त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. पण खरी अडचण निघाली खांद्यात. कीबोर्ड एवढा लांब म्हटल्यावर माउस गेला उजवीकडे दूर, आणि दिवसातून शंभरदा हात तिकडे फेकायचा. दोन आठवड्यांत उजव्या खांद्यात कळ यायला लागली. बटण म्हणायचं सोडून मी हट्टाने कळ म्हणते त्याचं कारण हेच. दाबायची तीही कळ आणि ठणकते तीही कळ, आणि ज्याने हा शब्द दोन्हीकडे वापरला त्याने नक्की मोठा कीबोर्ड वापरला असणार. माउस डावीकडे घ्यायला शिकले. तेव्हापासून डावा हात त्या कोपऱ्याच्या आसपास रेंगाळू लागला, हे मात्र आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कामं वाटून द्यायची वेळ आली तेव्हा मी लग्नघरातल्या मोठ्या काकूसारखी वहीपेन घेऊन बसले होते. वरच्या ओळीत रोज उघडावे लागणारे प्रोग्रॅम. डावीकडे कापा, चिकटवा, पडद्याचा फोटो, खिडक्या बदलणं. फाइल कायमची उडवायच्या कळीला मुद्दाम जड स्प्रिंग घातली, म्हणजे दाबताना बोटाने एकदा विचार करावा. इथपर्यंत ठीक होतं. पुढे जागा उरल्या आणि हात मोकळा सुटला. एक कळ रोजनिशीचं कोरं पान उघडणारी. एक शब्दकोशाची. एक 'ऊठ, पाठ सरळ कर' असा गजर लावणारी. एक अर्धवट राहिलेल्या लिखाणाची यादी दाखवणारी, ती तर मी मोठ्या उत्साहाने लाल केली. कोणासाठी ठेवत होते मी या जागा? पहाटे उठून रोजनिशी लिहिणारी, पाठ सरळ ठेवणारी कोणीतरी एक बाई यायची होती राहायला. तिची खोली लावून ठेवली होती.

मीटिंगच्या त्या प्रसंगानंतर मी फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चार ओळी घातल्या: कुठली कळ किती वेळा दाबली ते मोज. कळीला काम नसलं तरी दाबल्याचं जाळीला कळतंच. त्याचं काय करायचं हा पुढचा प्रश्न असतो. पंधरा दिवस मोजू दिलं. वरच्या ओळीतल्या पाच कळांना बोटही लागलं नव्हतं. रोजनिशी ३ वेळा, त्यातल्या दोनदा धूळ पुसताना. लाल कळ शून्य. पाठीचा गजर १, तो मी बंद करायला म्हणून दाबला होता आणि तो दुसऱ्यांदा लागला. कोपऱ्यातली रिकामी कळ ६३१२. एंटरच्या वर.

आकडा बघून जरा लाज वाटली, मग रागही आला. १४१ कळांना कामं देताना जी अक्कल खर्च केली ती सगळी बाजूला ठेवून हात जाऊन बसला होता बिनकामाच्या एकीवर. म्हटलं, हिला कामाला लावू. आणि अगदी शहाणपणाचं काम सुचलं: माइक बंद-चालू. आवाज हिचाच होतो, तो हिनेच थांबवावा. पुढच्याच मीटिंगला मी काहीतरी महत्त्वाचं समजावत होते आणि समोरून एकेक जण म्हणायला लागला, तुझा आवाज तुटतोय, नेट बघ जरा. नेटला काही झालं नव्हतं. मी विचार करत बोलत होते, इतकंच.

मग दुसरा उपाय. काम काढून घेतलं आणि स्विचच बदलला. सगळं हाताने सोल्डर केलेलं, त्यामुळे कीबोर्ड उलटा करून, दोन पिनांवरचं जुनं सोल्डर वितळवून, शोषून, निळा काढून एक मुका स्विच बसवला. पहिल्या दिवशी हात तिथे गेला, दोनदा दाबून थांबला. दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशी लेख लिहिताना एका वाक्यापाशी अडले, आणि बघते तर बोट शेजारच्या कळीवर, जड स्प्रिंगवाल्या, तिचा प्रतिकार चाचपत. फाइल कायमची उडवणारी ती. त्याच संध्याकाळी निळा परत लावला. टेबलावर बोट आपटणाऱ्या त्या बाई मला त्या वेळी आठवल्या. त्यांची टकटक मी इतकी वर्षं चुकलेल्या हाताची म्हणून लक्षात ठेवली होती. आता वाटतं, निदान काही वेळा तरी त्यांना एफ-१३ नकोच असेल.

आज सकाळी त्या सहकाऱ्याचा मेसेज आला. "नोट्स पाठवतेस ना?" उत्तर लिहायला घेतलं. खरं सांगावं की आठवून आठवून दहा ओळी रचून पाठवाव्यात, ठरेना. डावा हात कोपऱ्यात गेला. टिक्. टिक्. टिक्. तिकडे त्याला, मी काहीतरी टाइप करतेय, असंसुद्धा दिसत नसणार.